टॅपेट कव्हरचं पॅकिंग

पावसाळ्यात मुळशी तालुक्यात गाडी तेल गाळते आहे का, हे पाहायला खाली वाकावं लागत नाही. ओल्या अंगणात एक थेंब पडला तरी इंद्रधनुष्य उमटतं. माले गावातल्या घरासमोर एका जुलैच्या सकाळी मला ते दिसलं, चांगलं सुपाएवढं, आणि छातीत धस्स झालं. नंतर शांतपणे हिशेब केला. पाण्यावर रंग दाखवणारा तेलाचा पापुद्रा मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाएवढाच जाड असतो. एक थेंब तेवढा पातळ पसरला तर वर्तमानपत्राचं अर्धं पान झाकेल. म्हणजे सुपाएवढ्या रंगांमागे तेल होतं जेमतेम एक थेंब.

थेंब लहान असला तरी तो येतो कुठून हा प्रश्न उरलाच. आदल्या संध्याकाळी गाडी कोकणातून ताम्हिणी घाट चढून आली होती. विळ्यापासून वर येताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन बराच वेळ तापलं होतं, आणि घाटमाथ्यावर धुक्यात काच खाली केली तेव्हा जळक्या तेलाचा वास आत आला. तळणीची कढई विसरून गॅसवर राहावी, तसा. बॉनेटच्या फटीतून निळसर धुराची एक रेघही निघत होती. घाटातल्या धुक्यात ती कुणाला दिसणार!

गाडी म्हणजे मारुती 800. इंजिन 796 सीसीचं, तीन सिलिंडरचं. 14 डिसेंबर 1983 ला पहिली गाडी ग्राहकाच्या हाती गेली आणि जानेवारी 2014 मध्ये उत्पादन थांबलं. मधे एप्रिल 2010 मध्ये भारत स्टेज 4 चे निकष तेरा शहरांत लागू झाले, त्यात पुणे आणि सोलापूरही होतं, आणि तिथे नवीन 800 विकणं बंद झालं. जुन्या मात्र चालत राहिल्या, आणि अजूनही गावोगावच्या गोठ्यांशेजारी ताडपत्रीखाली उभ्या दिसतात. हे प्रकरण त्या गाडीच्या निमित्ताने लिहिलं असलं, तरी यातलं बहुतेक कुठल्याही पेट्रोल गाडीला लागू पडेल.

अंगणातल्या त्या थेंबाच्या महिनाभर आधी शहरातल्या एका गॅरेजात गाडी दाखवली होती. त्यांनी ती लिफ्टवर चढवली, खालून बॅटरी मारली, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्याला बोट लावून काळं तेल दाखवलं आणि निदान केलं: क्रँकचं मागचं सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. बोटाला तेल लागलं होतं हे खरंच. पण आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा तो प्रकार होता.

माल्याजवळच्या एका मिस्त्रींनी तीच गाडी पाहिली ती वरून. बॉनेट उघडून ते काही न बोलता मिनिटभर पाहत राहिले, मग म्हणाले, "ठिबकतीय कुठं ते सोडा. वरनं कुठपर्यंत ओलंय ते बघू."

या भागात ही गोष्ट कुणाला शिकवावी लागत नाही. कौलं फुटतात आढ्याजवळ, पाणी वाशावरून घरंगळत येतं आणि ठिबकतं चुलीवर. चुलीच्या वरचं कौल कितीही बदललं तरी उपयोग नसतो. भाताच्या खाचरातलं पाणी रातोरात उतरलं तर शेतकरी खालच्या बांधाशी उभा राहत नाही, वरच्या बांधात खेकड्याचं बीळ शोधतो. इंजिनाचं तसंच आहे. तेल गुरुत्वाकर्षणाने खाली येतं, पंख्याच्या आणि धावत्या गाडीच्या वाऱ्याने मागे ढकललं जातं, आणि शेवटी सगळ्यात खालच्या, सगळ्यात मागच्या कोपऱ्यात जमतं. तो कोपरा म्हणजे बहुतेकदा इंजिन-गिअरबॉक्सचा सांधा. त्यामुळे वरच्या कुठल्याही गळतीचा आळ क्रँकच्या सीलवर येतो, आणि शे-दोनशेच्या कामाचं हजारोंचं काम होतं. गळती शोधायचा नियम एकच: ओल्या भागातलं सगळ्यात वरचं टोक शोधा.

मिस्त्रींनी ब्रशने रॉकेल मारून इंजिनची वरची बाजू धुतली, चिंधीने कोरडी केली, आणि घरातून टाल्कम पावडरचा डबा मागवला. इंजिनाला पावडर लावताना पाहून शेजारची पोरं खदखदून हसली. मग इंजिन वीस मिनिटं चालू ठेवलं. पांढऱ्या पावडरीवर एक करडी रेघ उगवली. ती निघत होती इंजिनच्या अगदी माथ्यावरच्या झाकणाच्या कडेतून, एक्झॉस्टच्या बाजूने, आणि उतरत होती थेट तापलेल्या मॅनिफोल्डवर. घाटातल्या वासाचं कोडं तिथे सुटलं. हे निव्वळ वासाचं प्रकरण नव्हतं. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड चढावर काही शे अंशांपर्यंत तापतो, आणि त्यावर तेल ठिबकत राहिलं तर पेट घेण्याचा धोका असतो. काही गाड्यांत हे तेल बाहेर न येता स्पार्क प्लगच्या विहिरीत उतरतं. तिथे ते दिसत नाही, पण प्लगच्या टोपीचं रबर कुजवतं आणि गाडी एका सिलिंडरवर झटके खायला लागते. प्लग काढल्यावर तळाशी तेल साचलेलं दिसलं, तर दोष प्लगचा समजू नये.

त्या झाकणाला इंग्रजी पुस्तकांत व्हॉल्व्ह कव्हर किंवा रॉकर कव्हर म्हणतात, कंपनीच्या कॅटलॉगात सिलिंडर हेड कव्हर. पुण्यात नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानात यांतलं काहीही मागितलं तर काउंटरवरचा पोरगा तुमच्याकडे पाहत राहील. तिथे त्याचं नाव टॅपेट कव्हर, आणि खालच्या गॅस्केटचं नाव टॅपेट कव्हर पॅकिंग. हेड गॅस्केट ही वेगळी चीज. ती हेड आणि ब्लॉक यांच्यामध्ये बसते, तिला स्फोटाचा दाब अडवायचा असतो, आणि ती गेली तर मोठा खर्च. दोन्ही नावांत घोटाळा करून घाबरलेले लोक मी पाहिलेत.

टॅपेट कव्हरखाली मात्र दाब जवळजवळ नसतोच. इथे कॅमशाफ्ट फिरते, रॉकर हलतात, व्हॉल्व्ह उघडझाप करतात. इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल तर कॅमशाफ्ट त्याच्या निम्मे, 1500 फेरे घेते, म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला पंचवीस वेळा उघडतो. एवढ्या लगबगीत सगळ्यांना तेल पाजलेलं असतं, आणि ते तेल चहूकडे उडतं. उडालेलं तेल आतल्या भिंतीवर आपटतं, निथळतं आणि भोकांतून खाली चेंबरमध्ये, म्हणजे तळाच्या तेलाच्या टाकीत, परततं. कव्हरचं काम फक्त हे शिंतोडे घरात ठेवण्याचं. पावसाळ्यात ओटीवर लावलेल्या झडपेएवढंच म्हणा ना. मग एवढ्या साध्या कामासाठी ठेवलेलं रबर हरतं कशाने?

उत्तर रबरात आहे. या पॅकिंगसाठी बहुतेक नायट्राइल रबर वापरतात, कारण ते तेलात फुगत नाही. साधं रबर फुगतं. पूर्वी कुणी कुणी ट्रकच्या जुन्या ट्यूबचं पॅकिंग कापून बसवायचे. आठवडाभर ते छान चालायचं, मग तेल पिऊन गुबगुबीत व्हायचं आणि जागा सोडून बाहेर डोकवायचं. नायट्राइल तेलाला पुरून उरतं, पण उष्णतेला नाही. इंजिनातलं तेल शंभर अंशांच्या आसपास असतं. वर्षानुवर्षं त्या तापात रबराच्या लांब साखळ्या एकमेकींत आणखी गुंतत जातात, त्याला मऊ ठेवणारी द्रव्यं हळूहळू तेलात उतरतात, आणि लवचीक रबराचं प्लॅस्टिक होतं. दाबलेलं असताना ते ज्या आकाराचं झालं, त्याच आकाराचं उरतं. उसळून परत येणं संपतं.

आणि सगळी मदार त्या उसळण्यावरच असते. हेड अॅल्युमिनियमचं आहे आणि कव्हर पोलादी पत्र्याचं, असं धरा. लांबी 40 सेंटिमीटर. सकाळी वीस अंशांवरचं इंजिन शंभर अंशांवर गेलं की हेड जवळपास पाऊण मिलिमीटर लांबतं, आणि पत्रा त्याच्या निम्मा. बोल्ट दोघांना बांधून ठेवतात, पण दोन्ही पृष्ठभाग एकमेकांवर सूक्ष्म सरकतात, गाडी थंड झाली की उलटे सरकतात. रोजचं हे येणं-जाणं रबराने दोन्हीकडे बोट धरून सांभाळायचं असतं. कडक झालेलं रबर ते करू शकत नाही, आणि एखाद्या थंड सकाळी केसाएवढी फट उघडते.

आता यावर गावोगाव केला जाणारा उपाय म्हणजे पाना घेऊन बोल्ट आवळणं. मीही तो केला होता, कबूल करतो. गॅरेजच्या निदानानंतर चार दिवसांनी, कव्हरच्या कडेला ओलसरपणा दिसला म्हणून हाताला येईल तेवढा जोर लावून सगळे बोल्ट पाव-पाव फेरा फिरवले. गळती दोन दिवस थांबली, आणि मग आधीपेक्षा जास्त सुरू झाली. मला ते इंजिनाचं आडमुठेपण वाटलं होतं.

मिस्त्रींनी कव्हर उतरवून पोलादी फुटपट्टी उभी करून कडेवर धरली तेव्हा कारण डोळ्यांना दिसलं. बोल्टांच्या भोकांपाशी पत्रा खाली दबला होता, आणि दोन भोकांच्या मधे फुटपट्टीखालून उजेड येत होता. मी आवळलं होतं बोल्टापाशी, फट पडली होती बोल्टांच्या मधे. शिवाय रबराची एक खोड असते: ते दाबलं तरी आकुंचत नाही. भाकरी थापताना पिठाचा गोळा दाबला की तो लहान होत नाही, बाजूला पसरतो, तसं ते बाजूला सरकतं. म्हणून पॅकिंगच्या खाचेत मुद्दाम थोडी मोकळी जागा ठेवलेली असते. जास्त आवळलं की ती जागा संपते आणि रबर कडेने बाहेर ओघळतं, किंवा चिरतं. तेल अडतं ते बोल्टच्या जोराने नाही, रबराच्या परत ढकलण्याने. बोल्टने फक्त त्याला ढकलायला जागा करून द्यायची.

या बोल्टांना किती जोर लागतो, याची कल्पना नसते म्हणून हात सुटतो. 6 मिलिमीटरच्या अशा बोल्टांना साधारण 10 न्यूटन-मीटर लावतात. अनेक गाड्यांत त्याहूनही कमी. 10 सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला दहा किलो टांगल्यासारखं ते होतं. वीस सेंटिमीटरचा पाना घेतला तर पाचच किलो. चाकाचे नट आवळायला ज्या हाताची सवय आहे त्याला हे लाजिरवाणं वाटतं. त्या हाताने इथे जोर केला, तर अॅल्युमिनियममधले आटे जातात, आणि मग हेलिकॉइल, म्हणजे तारेचे नवे आटे, घालण्याची पाळी येते.

कामाला सुरुवात इंजिन पूर्ण थंड असताना. मिस्त्री सकाळी सात वाजता आले ते याचसाठी. गरम इंजिनाचं कव्हर सोडवू नये, वाकतं, आणि हातही भाजतात. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. प्लगच्या वायरींना चिकटपट्टीचे तुकडे लावून 1, 2, 3 लिहिलं. ब्रीदरचा रबरी पाइप हलवून काढताना टोकाशी मोडला. तो बिस्किटासारखा झाला होता. बोल्ट एकदम न सोडता सगळे थोडे-थोडे सैल केले. कव्हर निघेना. स्क्रू-ड्रायव्हर खुपसून उचकटायचा मोह इथे होतो, आणि खरवडलेल्या कडेतून पुढची गळती जन्माला येते. मिस्त्रींनी हातोडीच्या लाकडी दांड्याने बाजूने हलकेच दोन टोले दिले. चटकन आवाज आला आणि झाकण सुटलं.

आतला देखावा मला आवडला. मधासारख्या तेलात न्हालेले रॉकर, त्यांच्या टोकांना चकाकणारे कॅमचे अंडाकृती गाल, आणि कुठेही काळा चिखल नाही. तेल वेळेवर बदलल्याचं ते प्रमाणपत्रच. तेल बदलायचं राहिलेल्या गाडीत इथे तपकिरी खरवडीचा थर असतो.

जुनं पॅकिंग कव्हरच्या खाचेत होतं तसं अखंड निघालं. मिस्त्रींनी ते हातात धरून वाकवलं. टक्‌ करून तुटलं. नवं नाना पेठेतून आणलं होतं, ते मात्र त्यांच्या बोटांत पिळून दोरीसारखं गुंडाळलं जात होतं.

त्यानंतरचा बराच वेळ पुसण्यात गेला, आणि हेच खरं काम. तेल परतायच्या भोकांत चिंध्या कोंबल्या, म्हणजे खरवडलेला कचरा चेंबरमध्ये जाऊ नये. हेडची कड खरवडायला त्यांनी पोलादी पातं वापरलं नाही. बांबूची एक कामटी तासून घेतली. अॅल्युमिनियम मऊ असतं, पात्याचा एक ओरखडा तेलाला वाट पुरवतो. मग थिनरमध्ये बुडवलेल्या फडक्याने दोन्ही कडा, फडकं पांढरं येईपर्यंत. खाचेत तेलाचा हात राहिला तर नवं पॅकिंग बसवताना घसरतं, आणि कुठेतरी चिमटतं. वाकलेली कड लाकडी ठोकळ्यावर उलटी ठेवून हातोडीने हळूहळू सरळ केली, पुन्हा फुटपट्टी लावली, पुन्हा एक टोला. माझं आवळणं असं पाऊण तासात निस्तरलं गेलं.

आता सिलिकॉनबद्दल. ट्यूबमधलं लाल किंवा काळं सिलिकॉन हा हल्ली सगळ्या दुखण्यांवरचा उतारा झालाय, आणि कव्हरच्या अख्ख्या कडेला ते लिंपणारे मिस्त्री मी पाहिलेत. नव्या रबराला त्याची गरज नसते. उलट ओलं सिलिकॉन वंगणासारखं होऊन रबर खाचेबाहेर सरकवतं. जे आतल्या बाजूला ओघळतं ते वाळून तुटतं, तेलाबरोबर चेंबरमध्ये जातं आणि तेलपंपाच्या जाळीवर बसतं. गळती थांबवायच्या नादात तेलाची उपासमार. सिलिकॉन लागतं ते फक्त कोपऱ्यांत, जिथे दोन वेगळे भाग हेडवर भेटतात आणि पृष्ठभागाला पायरी पडते. तिथे वाटाण्याएवढा ठिपका पुरे. हे सिलिकॉन हवेतली ओल शोषून घट्ट होतं. कोरड्या उन्हाळ्यात त्याला वेळ लागतो. जुलैतल्या माल्यात, जिथे माचिस पेटत नाही, ते सुखाने वाळतं. मिस्त्रींनी तरी गाडी दुसऱ्या दिवसापर्यंत सुरू करू दिली नाही.

बोल्ट आधी सगळे हाताने बसवले, मग मधल्यापासून बाहेर, समोरासमोर, तीन फेऱ्यांत. शेवटच्या फेरीत गोटी पान्याचा दांडा त्यांनी डोक्याजवळ, अगदी आखूड धरला होता. "लांब धरला की हात खोटं बोलतो," एवढंच म्हणाले.

मला वाटलं, झालं. पण त्यांनी मोडलेला ब्रीदरचा पाइप माझ्यासमोर धरला आणि त्यातून फुंकायला सांगितलं. फुंकर पलीकडे जाईना. आत काळा काजळीचा बोळा बसला होता. पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी थोडा जळका वायू त्यांच्या फटीतून खाली चेंबरमध्ये उतरतोच. त्याला बाहेर पडायला वाट लागते. जुन्या गाड्यांत ती वाट म्हणजे खाली रस्त्याकडे उघडणारी एक नळी असायची. धूर सरळ हवेत. त्या वायूने धुरकं वाढतं हे ध्यानात आल्यावर कॅलिफोर्नियाने 1961 च्या मॉडेलपासून तो पुन्हा इंजिनात ओढून जाळायची सक्ती केली, आणि पुढे तीच पद्धत जगभर रूढ झाली. म्हणून हा पाइप टॅपेट कव्हरवरून एअर क्लीनरकडे जातो. तो तुंबला की जिथे दाब नसायला हवा तिथे दाब साठतो, आणि वायू सगळ्यात कमकुवत जागेतून तेलासकट बाहेर पडतो. पॅकिंग म्हातारं झालं होतंच. त्याला ढकललं पाइपने. नवा पाइप न बसवता नुसतं पॅकिंग बदललं असतं तर वर्षभरात पुन्हा तीच रेघ उगवली असती.

याची एक घरगुती परीक्षा आहे. इंजिन चालू ठेवून तेल भरायचं झाकण उघडा. थोडी वाफ आणि बारीक शिंतोडे ठीक. पण सिगारेट ओढल्यासारखा धूर धक्के देत येत असेल, तर मिस्त्री म्हणतात "बॅक कॉम्प्रेशन मारतंय". मग प्रश्न पॅकिंगचा किंवा पाइपचा राहत नाही, रिंगा झिजल्या आहेत, आणि कितीही उत्तम रबर बसवलं तरी ते दर पावसाळ्याला हरणार. दुसऱ्या दिवशी सुरू केल्यावर माझ्या गाडीने थोडीशी वाफ सोडली. मिस्त्रींनी तळहात झाकणाच्या तोंडावर धरला, मान हलवली आणि झाकण लावून टाकलं.

पुढचे पंधरा दिवस मी रोज रात्री गाडीखाली वर्तमानपत्राचं पान पसरत होतो. अंगण खोटं मोठं दाखवतं, कागद खरा डाग दाखवतो, आणि डागाची जागाही सांगतो. तेरा दिवस कागदावर फक्त पागोळ्यांचं पाणी होतं. चौदाव्या दिवशी, गिअरबॉक्सच्या बाजूला, नखाएवढा एक पिवळसर ठिपका. ताजं, स्वच्छ तेल. बॉनेट उघडलं. टॅपेट कव्हरची कड कोरडी होती. ओल सुरू होत होती हेडच्या मागच्या टोकाला, डिस्ट्रिब्युटर जिथे बसतो तिथे. तिथे आत एक ओ-रिंग असते, बांगडीएवढीही नाही, पॅकिंगइतकीच जुनी. मिस्त्रींना फोन केला. ते म्हणाले, "येताना दोन आणा. एक बसवताना चिमटते."